रिकामी डबी

डबी भरली असेल तर माणूस ती वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरवर ठेवतो, नाव पुटपुटतो आणि जिना उतरूनसुद्धा जातो. डबी रिकामी असेल तर मात्र तो दारातच घुटमळतो. मोबाइल बघतो, कूलरचं पाणी पितो, आणि काउंटरवरच्या मुली जेवायला गेल्या की हळूच माझ्या टेबलाशी येतो.

मी मिरजेत एका खासगी लॅबमध्ये वीर्यतपासणीचं काम बघतो. डीएमएलटी करून रक्त-लघवीच्या टेबलावर लागलो होतो. या टेबलावर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मला इकडे ढकललं, तो मी इकडचाच झालो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. जत, कवठेमहांकाळ, शिरोळ, झालंच तर सीमेपलीकडचे अथणी-रायबाग, सगळीकडून माणसं येतात. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यात बायकोची फाइल दोन बोटं जाड असते. तिच्या नळ्या तपासलेल्या, दुर्बीण घातलेली, देवदेवस्की झालेली. नवऱ्याचा बहुतेक वेळा एकच कागद असतो, तोही घडी घालून वरच्या खिशात.

रिकाम्या डबीची कारणं साधारण दोन. पहिलं कारण आम्हीच असतो. बाहेर कुणाचं तरी पोर रडतंय, खोलीची कडी अर्धीच बसते, आणि आत गेलेल्याला वाटतं की अख्खा हॉल आपल्याकडे कान लावून बसलाय. अशा वेळी भलेभले गार पडतात. सांगली-मिरजेतला असेल तर त्याला घरी पाठवतो; डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभरात आणून द्यायची. जतवाल्याला ते शक्य नसतं. त्याला स्टँडजवळच्या लॉजवर खोली घ्यायला सांगतो. यात आजार काही नाही.

दुसरं कारण वेगळं असतं, आणि ते कागदावर सापडत नाही. माणसाला विचारावं लागतं. तेही त्याला कळेल अशा भाषेत. 'स्खलन होते काय?' असं विचारलं की समोरचा मान डोलावतो, कारण शाळेत बाईंनी विचारल्यावर मान डोलवायची सवय असते. मी सरळ विचारतो, 'दादा, शेवटपर्यंत जाता का? शेवटची ती सणक येते का? आणि ती आली की पाणी पडतं का?'

एकदा तिशी ओलांडलेला एक जण असाच उभा होता. (इथे ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) ऊस आणि द्राक्षं दोन्ही होती त्याची. लग्नाला काही वर्षं झाली होती. तो म्हणाला, 'समदं हुतंय बगा सायेब. सणकबी येती. पर बाहेर काय न्हाई. थेंबसुदीक न्हाई.' मग इकडेतिकडे बघून, 'पैल्यांदा येत हुतं. मग कमी कमी हुत गेलं.'

मी विचारलं, 'साखर आहे का?'

तर होती. शाळेत असल्यापासूनची. इन्शुलिन घेत होता, पण द्राक्षाच्या छाटणीत आणि कारखान्याच्या हंगामात सुया चुकायच्या. आधी ज्या लॅबमध्ये गेला होता तिथल्या कागदावर 'नमुना मिळाला नाही' एवढंच लिहिलेलं होतं. त्या एका ओळीवर त्याच्या बायकोची दुर्बीण झाली होती. म्हणजे नवऱ्याचा नमुना मिळत नाही, तर मग बायकोचं बघूया! हे तर्कशास्त्र मला अजून उमगलेलं नाही, पण ते सर्रास चालतं.

पुरुषाच्या शरीरात लघवीचा आणि वीर्याचा रस्ता शेवटच्या टप्प्यात एकच आहे. त्यामुळे वीर्य त्या नळीत उतरायच्या क्षणी वरचं, लघवीच्या पिशवीचं तोंड घट्ट मिटावं लागतं. ते मिटायचं काम आपण ठरवून करत नाही. कमरेच्या वरच्या भागातून येणाऱ्या, आपल्या ताब्यात नसलेल्या नसा ते करतात. त्याच नसा वीर्यकोश आणि वीर्यवाहिन्या आवळून माल खाली आणतात. त्यानंतर खालचे स्नायू झटके देऊन तो बाहेर टाकतात. पिशवीचं तोंड उघडंच राहिलं तर वीर्य सोप्या वाटेने मागे पिशवीत जातं. उसाला पाणी पाजणाऱ्याला मी एवढंच सांगतो की तुमचं दारं नीट बांधलेलं नाही, म्हणून पाणी दुसऱ्या सरीत चाललंय. विहिरीला काही झालेलं नाही. त्याला ते एका दमात कळतं. डॉक्टरी भाषेत याला रेट्रोग्रेड इजॅक्युलेशन म्हणतात. पिशवीत गेलेलं वीर्य पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. ते आत कुजत नाही, साठत नाही, किडनीला त्रास देत नाही. ताठरता आणि सुख बहुतेकांचं शाबूत असतं, काहींना थोडं फिकं वाटतं. शरीराचं म्हणून नुकसान यात जवळजवळ नाहीच.

वर्षानुवर्षं वाढलेली साखर नेमक्या याच नसा कुरतडते. आयसीएमआरच्या पाहणीनुसार (ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली) देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. पायाची आग होते, जखम भरत नाही, डोळ्यांचा पडदा तपासा, हे मधुमेह्यांना आता गावोगावच्या शिबिरात सांगतात. पण डबीत काही येईनासं झालं तर तेही नसांचंच लक्षण असू शकतं, हे शिबिरात कुणी माइकवर बोलत नाही. उठल्यावर चक्कर येणं, जेवलेलं पोटात तसंच पडून राहणं, ताठरता कमी होणं ही याच्याच घरातली भावंडं. डॉक्टर अशा माणसाची पहिल्यांदा साखर बघतात, मूलबाळ नंतर. मूल होऊ न शकणाऱ्या पुरुषांत हे कारण तसं विरळच, शंभरात फार तर दोघांचं. पण साखरवाल्यांत ते शोधलं तर सापडतं.

त्या शेतकऱ्याला मी मोठ्या तोंडाची दुसरी डबी दिली आणि क्रम दोनदा सांगितला. आधी लघवी करून पिशवी रिकामी करायची. मग आत जायचं. जे होतं ते झालं की लगेच या मोठ्या डबीत लघवी करायची, सगळी, एक थेंब न सांडता. पहिली पायरी लोक विसरतात आणि मग पिशवीतल्या सकाळपासूनच्या लघवीत सगळं हरवून बसतं.

त्याने आणलेली लघवी किंचित गढूळ होती. ती मी टोकदार बुडाच्या नळ्यांत भरली, समोरासमोर तोलून सेंट्रिफ्यूजमध्ये लावली आणि हळू वेगावर १० मिनिटं फिरवली. फार जोरात फिरवलं तर शुक्राणूंच्या शेपट्या तुटतात. मशीन थांबल्यावर नळीच्या बुडाशी खडूच्या भुकटीसारखा पांढुरका थर बसलेला दिसला. वरचं पाणी ओतून टाकलं, तळातला थेंब काचेवर घेतला, कव्हरस्लिप ठेवली. मोठ्या भिंगाखाली सरकवली तर अख्खं फील्ड भरलेलं. डोकी, शेपट्या, सगळं जिथल्या तिथं. एवढे शुक्राणू असलेला माणूस कित्येक महिने 'नमुना मिळाला नाही' म्हणून फिरत होता.

एक सांगायला हवं. कोणत्याही पुरुषाच्या नंतरच्या लघवीत चार-दोन शुक्राणू सापडतातच, नळीत मागे राहिलेले. तेवढ्यावर हे निदान करत नाहीत. इथे एकेका फील्डमध्ये पंधरा-वीस होते, आणि डबीत थेंबही नव्हता.

त्याला मी भिंगातून बघू दिलं. नियमात बसतं की नाही माहीत नाही. बराच वेळ एक डोळा मिटून तो बघत राहिला आणि मग म्हणाला, 'हालत न्हाईत की.'

ते खरं होतं. लघवी आंबट असते, खारट असते. त्यात शुक्राणू पाचदहा मिनिटांत गारद होतात. यावर उपाय जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट हॉचकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिशवीतून मिळवलेलं वीर्य वापरून कृत्रिम गर्भधारणा केल्याचं १९५५ साली छापून आलं. तेव्हापासून मूळ कल्पना तीच राहिली आहे: लघवी आंबट राहू द्यायची नाही आणि शुक्राणू तिच्यात ठेवायचे नाहीत. आमच्या इथे वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर मॅडम आदल्या रात्री आणि सकाळी सोडामिंटच्या गोळ्या देतात. तो म्हणजे खायचा सोडाच. पाणी किती प्यायचं तेही ठरवून देतात, कारण लघवी फार दाट असली तरी मरण आणि फार पातळ असली तरी मरण. बीपी-किडनीचं दुखणं असलेल्याने हा प्रयोग घरच्या घरी करू नये. मी सकाळी पट्टी बुडवून बघतो. पिवळी-नारिंगी पट्टी हिरवी-निळसर झाली की पुढे जायचं. मग नमुना येताच धावपळ. लघवी लगेच फिरवायची, थर वेगळा करायचा, शरीराइतक्या गरम ठेवलेल्या मीडियात, म्हणजे शुक्राणू जगवणाऱ्या द्रवात धुवायचा. इथे दोन मिनिटं कुणी फोनवर बोलत बसलं तर मी चिडतो.

त्याचा नमुना असा घेतला त्या दिवशी काही हलले. फार नाहीत, पण हलले.

मॅडमनी त्याला आधी गोळ्यांवर ठेवलं होतं. पिशवीचं तोंड आवळणारी काही औषधं आहेत. इमिप्रामिन ही मुळात नैराश्यावरची गोळी, किंवा सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन. नसांत थोडाफार जीव असेल तर त्यांनी वाट सुधारते. बीपी मात्र सांभाळावं लागतं. याला गोळीने चार थेंब बाहेर आले, एवढ्यावर भागलं नाही. मग धुतलेले शुक्राणू बायकोच्या गर्भाशयात सोडून बघितले. मग इक्सी, म्हणजे बीजांडात सुईने एकच शुक्राणू सोडायचा. ब्रुसेल्समध्ये या पद्धतीचं पहिलं मूल १९९२ साली जन्मलं, त्यानंतर अशा पुरुषांचं गणितच बदललं. आता कोटी लागत नाहीत, मूठभर जिवंत पुरतात. लघवीतून काही जमलंच नाही तर अंडकोशातून सुईने काढता येतात. याची इक्सीची पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा सोडा किती, पाणी किती, पट्टीचा रंग कोणता, हे त्याला माझ्यापेक्षा पाठ झालं होतं, आणि बायकोची फाइल तो स्वतः काखेत धरून आला होता. सुयाही आता चुकत नव्हत्या म्हणे. पुढचं मला माहीत नाही. आमच्याकडे माणसं रिपोर्टपुरती येतात.

डबी अगदीच रिकामी असेल तर निदान शंका तरी येते. अर्धवट प्रकार जास्त फसवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत नमुन्याची खालची मर्यादा १.४ मिलिलिटर धरली आहे. एखाद्याचं ०.३ येतं, त्यात शुक्राणू नावाला, आणि रिपोर्टवर 'कमी' असा शिक्का बसतो. मग पावडरी, मुसळी, शिलाजीत सुरू. कमी येण्याची आणखीही कारणं आहेत. पहिला थेंब डबीबाहेर सांडलेला असतो, किंवा नळी पुढे बंद असते. दुसऱ्या प्रकारात फ्रुक्टोजची चाचणी करतात. पण लघवी तपासून बघणं त्याहून स्वस्त आणि सोपं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

एक निवृत्त गुरुजी आले होते, साठी ओलांडलेले, धोतर नाही पण टोपी होती. त्यांना मूल नको होतं; नातवंडं होती. प्रोस्टेटचा त्रास होता, रात्री पाचपाचदा उठायला लागायचं, म्हणून कुणीतरी सिलोडोसिन चालू केलं होतं. लघवी सुरळीत झाली. आणि त्याच महिन्यात, त्यांच्याच शब्दांत, 'आमची धातू आटली.' गुरुजींनी याचा अर्थ स्वतःच लावला. चाळीस घासांचा एक थेंब रक्त आणि रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब वीर्य, हा हिशोब त्यांनी लहानपणी ऐकलेला. मग येणं बंद झालं म्हणजे आतलं बनणं बंद झालं, म्हणजे शेवट जवळ आला. त्यांनी कुणाला न विचारता गोळी थांबवली. चार दिवसांत लघवी कोंडली आणि रात्री रिक्षाने नेऊन नळी घालावी लागली. मुलाने विचारलं, गोळी का बंद केली? गुरुजी म्हणाले, विसरलो.

हे मला त्यांनी सांगितलं, मुलाला नाही. वीर्य तपासून घ्यायला ते एकटेच एसटीने आले होते.

सिलोडोसिन, टॅमसुलोसिन ही औषधं प्रोस्टेट आणि पिशवीच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, म्हणूनच लघवी मोकळी होते. वीर्य न येणं हा त्याच कामाचा दुसरा परिणाम, सिलोडोसिनने तर बराच आढळणारा, आणि गोळी थांबवली की जाणारा. माझ्या टेबलावरून दिसणारी गंमत अशी की गोळीवाल्यांच्या लघवीत शुक्राणू बऱ्याचदा सापडतच नाहीत. म्हणजे माल मागे जात नाही, तो मुळात नळीत उतरतच नाही, कारण वीर्यकोश आणि वाहिन्याही सैल पडतात. नाव मात्र सगळ्याला 'उलटं' हेच लावतात. गुरुजींना मी एवढंच म्हणालो, 'गुरुजी, हे गोळीचं आहे, वयाचं नाही. डॉक्टरांना हेच सांगा जे मला सांगितलंत.' सोबत चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी त्यांना अल्फुझोसिन लिहून दिलं, त्याने हा प्रकार बराच कमी होतो. एवढं सगळं रामायण ज्या एका वाक्याने टळलं असतं, ते वाक्य गोळी देताना बोललं गेलं नव्हतं.

का बोललं जात नाही, यावर मी पुष्कळ विचार केलाय. डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे. ओपीडीत साठ पेशंट बसलेले असतात हे खरं, पण वेळ हे पूर्ण उत्तर नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात मुलगा आणतो, सून आणते. फाइल त्यांच्या हातात असते, प्रश्न तेच विचारतात. त्या खोलीत 'या गोळीने वीर्य येणार नाही' हे वाक्य डॉक्टरने कुणाकडे बघून म्हणायचं? साठीच्या माणसाला असलं काही असतं, हेच घरात कुणी धरून चालत नाही. मग डॉक्टर गप्प बसतात, बाप गप्प बसतो, आणि मुलगा मेडिकलमधून गोळ्या घेऊन येतो. मला विचाराल तर पाच मिनिटं मुलाला बाहेर बसवलं तरी काम होईल. आमच्या इमारतीतले एक युरॉलॉजिस्ट 'आता मी यांचं पोट तपासतो' म्हणून नातेवाइकांना बाहेर काढतात आणि पोट न तपासता हेच बोलतात.

प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात तर पिशवीचं तोंडच खरवडलं जातं. त्यानंतर बहुसंख्य पुरुषांचं वीर्य कायमचं मागे जातं, आणि तिथे वर सांगितलेल्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, कारण आवळायला काही उरलेलंच नसतं. सत्तरीच्या माणसाला फरक पडला नाही तरी सांगायला हवंच. पण माझ्याकडे पन्नाशीच्या आतला एक जण आला होता, दुसरं लग्न झालेला, बायको तरुण. ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. संमतिपत्रावर हे इंग्रजीत छापलेलं होतं, खाली याची सही होती. 'मला म्हणाले, आठ दिवसांत घरी जाशील, लघवीची धार पोराटकीसारखी होईल. झाली बी. दुसरं कोन काय बोललं न्हाई,' तो म्हणाला. चिडला नव्हता. बायको बाहेर बसलीये, तिला काय सांगू, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. शुक्राणू चांगले होते त्याचे. मी त्याला भरलेला रिपोर्ट दिला, आणि दोघांना एकत्रच वर मॅडमकडे पाठवलं.

याच्या उलट टोकाला विशी-बाविशीची पोरं. ती स्वतःहून येतात, कुणी पाठवलेलं नसतं. पाण्याच्या बाटलीत सकाळची लघवी भरून आणतात आणि म्हणतात, 'धातू जातीय, चेक करा.' एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीने किंवा रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूने त्यांच्या मनात हे भरवलेलं असतं. कोर्स पाच-दहा हजारांचा. या भीतीला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. मी अशा पोराला टेबलाशी उभं करतो. लघवी काचेच्या नळीत ओततो. बरेचदा ती खरंच दुधाळ असते. मग त्याच्या डोळ्यांदेखत अॅसिटिक अॅसिडचे दोन-तीन थेंब टाकतो. नळी हलवली की ढगाळपणा विरघळून लघवी नितळ होते. ते फॉस्फेट असतात, क्षार, खाण्यापिण्यातून येणारे. वीर्य असं विरघळत नाही. पोरगा नळीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. काहींचा विश्वास बसतो. काहींना वाटतं मी औषध टाकून पुरावा नष्ट केला. ते तंबूकडे परत जातात.

या पोरांत एक जात आणखी असते, ताकद वाचवणारी. शेवटच्या क्षणी बोटांनी मागे दाबून धरायचं, म्हणजे वीर्य बाहेर पडत नाही आणि अंगात जिरतं, असा त्यांचा समज. कुठल्याशा व्हिडिओत सांगतात म्हणे. ते अंगात जिरत नाही. पिशवीत जातं आणि पुढच्या लघवीला संडासात. एकाची लघवी मी फिरवून त्याला दाखवली तेव्हा तो खरोखर दुःखी झाला. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून लोकांच्या असल्याच प्रश्नांना रोखठोक मराठीत उत्तरं दिली आणि त्यापायी कोर्टात उभे राहिले. शंभर वर्षं व्हायला आली, तंबू अजून तिथेच आहे.

ज्याची धातू खरोखर लघवीवाटे जाते त्या उसवाल्या शेतकऱ्याचं त्याने अंगाने काही बिघडत नाही, आणि ज्याच्या लघवीत काहीही नाही तो पोरगा रात्रभर जागा. हे दोघे एकाच दिवशी, एकाच बाकावर शेजारी बसलेले मी पाहिलेत.

सगळ्यांनाच हे उशिरा कळतं असं नाही. अंडकोशाच्या कॅन्सरची पोरं ऑपरेशनच्या आधी येतात, डोक्यावर केस असलेली, कधी केमो सुरू व्हायला दोनच दिवस उरलेली. पोटाच्या मागच्या बाजूच्या गाठी काढताना त्याच नसांना धक्का लागू शकतो. अलीकडे नसा वाचवून ऑपरेशन करतात, तरी भरवसा देता येत नाही, आणि केमोचं वेगळंच. म्हणून आधीच नमुना गोठवून ठेवायचा, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. ज्या डॉक्टरांना हे सुचतं ते पेशंटला पाठवतात. ही पोरं डबी हातात घेताना लाजत नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय. त्यांच्यापुढे लाजण्यापेक्षा मोठं काहीतरी उभं असतं, आणि शिवाय त्यांना कुणीतरी समोर बसवून सगळं सांगितलेलं असतं.

आमच्या फॉर्मवर मी आता दोन ओळी वाढवून घेतल्यात. 'साखर आहे का? प्रोस्टेटची, बीपीची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू आहे का?' आणि त्याखाली, 'पूर्वी पोटाचं, मणक्याचं, लघवीच्या जागेचं ऑपरेशन झालं आहे का?' लहानपणी लघवीच्या वाटेवर झालेलं ऑपरेशन माणूस विसरलेला असतो, ते आईला विचारावं लागतं. काउंटरवरची नवी मुलगी सुरुवातीला हे प्रश्न सोडून द्यायची. आता फॉर्म पेनासकट पेशंटच्या हातात देते आणि स्वतः कॉम्प्युटरकडे बघत राहते. तेवढ्यावर बरेच जण लिहितात. बोलायचं नसलं की माणूस चांगलं लिहितो.

रेट कार्डावर मात्र या तपासणीला अजून ओळ मिळालेली नाही. लघवी म्हणून लावावी तर 'युरीन रूटीन'चे पैसे होतात आणि माझी दोन तासांची मेहनत फुकट जाते. वीर्य म्हणून लावावी तर पेशंट बिलिंगला भांडतो, की मी तर लघवी दिली, सिमेनचे पैसे कसले? परवा अथणीचे एक मामा असेच अडून बसले. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, महिन्याला असे कितीसे येतात? मी म्हटलं, विचारलं तर येतात. सध्या 'इतर' या रकान्यात टाकतोय.